भिंतीवरच्या ओलीत म्हातारा दिसायलाय, आई म्हणते हे आण्णा. रंग मारू का नको?

वाळूजचा_लातूरकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट वाटंल पण पूर्ण वाचा मग हसा. मी मूळचा औसा तालुक्यातला, सध्या वाळूजला कंपनीत आहे, बजाजनगरला एक खोली आणि किचन भाड्यानं घेतलंय. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी झिरपतं, त्यामुळं खोलीच्या भिंतीला जुलैपासून ओल धरली. आधी ताटाएवढा पिवळा डाग होता, मग कडेकडेनं काळपट झाला, मधला रंग फुगून पोपडे सुटले आणि गणपती बसले तोवर त्यात सरळ सरळ एक म्हातारा माणूस दिसायला लागला. डोक्याला पटका, खाली डोळ्याच्या दोन खोबण्या, त्यातली डावी जरा बारीक म्हणजे मिचकावल्यासारखी, नाकाच्या जागी एक पोपडा उचललाय त्याची सावली पडते, आणि मिशा. मिशा म्हणजे खरं तर पाणी आडवं पसरलं त्याची रेघ आहे हे मला कळतं, मी रोज बघतोय ती रेघ मोठी होताना, पण एकदा मिशा म्हणून बघितलं की परत रेघ म्हणून बघायला जमतच नाही राव.

सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला येतो, लाईट लावला की आधी हा. पहिले दोन-तीन दिवस चड्डी ओली व्हायची बाकी होती, नंतर सवय झाली, नंतर तर कुलूप काढताना मनात यायचं की आलो बरं का. लहानपणी आमच्या मोरीच्या शहाबादी फरशीत मला एक घोडा दिसायचा, दात घासायला बसलं की रोज घोडा, त्यामुळं हे असलं काहीतरी मला आधीपासूनच आहे वाटतं.

पंधरा दिवस कुणाला बोललो नाही. मग गावाकडून आई आली. पिशवी खाली ठेवली, तांब्याभर पाणी प्यायली, भिंतीकडं नजर गेली आणि गप्पच झाली. मी म्हणलं काय झालं तर म्हणली, "हे तर आण्णा."

आण्णा म्हणजे आईचे वडील. किल्लारीच्या भूकंपात गेले, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्री पहाटे चारच्या आत. घर माळवदाचं, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर मातीचं ओझं, सगळं एकदम अंगावर आलं. आई आणि लहान मामा अंगणात झोपले होते म्हणून राहिले. आण्णाचा घरात एकच फोटो होता तो पण त्याच ढिगाऱ्यात गेला, त्यामुळं आण्णा कसे दिसायचे हे मला माहीतच नाही. माझा जन्म नंतरचा.

आता पित्रं चालू आहेत. आई रोज सकाळी त्या ओलीपुढं उदबत्ती लावायली, काल तर खिरीची वाटी पण ठेवली. आणि घरमालक, चांगला माणूस आहे बिचारा, म्हणतो घटस्थापनेच्या आत वरचं वॉटरप्रूफिंग करून तुमची भिंत खरवडून पुट्टी मारून देतो. एरवी मीच त्याच्या मागं लागलो असतो. आता सांगा, मला आणि आईला दोघांना दिसतंय म्हणजे हे डोक्याचं काही आहे का? आणि आईला काय सांगू? फोटो टाकलाय, तुम्हाला काय दिसतं ते पण खरं खरं सांगा.

अंबाजोगाईची_डॉक्टरीण

दादा, फोटो बघितला. मिशा मलाही पहिल्या झटक्यात दिसल्या. डोक्याचं काही नाही, म्हणजे आहे डोक्यातच, पण सगळ्यांच्याच आहे. याला पॅरेडोलिया म्हणतात. मेंदूच्या खालच्या बाजूला, कानशिलामागच्या भागात, चेहरे ओळखण्याचं काम करणारी एक जागा असते, फ्युजिफॉर्म फेस एरिया, तिला हे नाव १९९७ साली मिळालं. माणसाचा चेहरा समोर आला की साधारण १७० मिलिसेकंदात मेंदूत एक ठरावीक लहर उठते, म्हणजे पापणी लवायच्या आत. दोन काळे ठिपके आणि त्यांच्या खाली एक आडवं काहीतरी, एवढं मिळालं की ही यंत्रणा "माणूस!" म्हणून ओरडते आणि मग तुम्ही शांतपणे बघता की अरे ही तर ओल आहे. ओरडा आधी, तपास नंतर. म्हणून तुम्हाला रेघ आहे हे माहीत असूनही मिशाच दिसतात.

असं का असावं याचं जे कारण सांगतात ते आपल्याकडं समजवायला सोपं आहे. २०२० ला आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा आमचे तिकडचे पाहुणे अंधारात तुरीच्या पेंढीला बिबट्या समजून पळायचे. पेंढीला बिबट्या समजलं तर फक्त धाप लागते, बिबट्याला पेंढी समजलं तर खेळ खलास. लाखो वर्षं हाच हिशोब चालू असल्यावर डोळा जास्तीचंच बघणार. माकडांतही हे आहे, २०१७ च्या एका अभ्यासात ऱ्हिसस माकडं चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंच्या फोटोकडं जास्त वेळ बघत बसली.

एक गंमत करून बघा. फोटो मोबाईलवर उलटा करा, डोकं खाली. चेहरे ओळखायची यंत्रणा सरळ चेहऱ्यावर पोसलेली असते, उलटं केलं की ती निम्मी बंद पडते. आपल्या घरातले तीन पिनचे सॉकेट बघा, मोठं भोक वर आणि दोन लहान खाली, म्हणजे तोंड वर डोळे खाली, म्हणून त्यात आपल्याला सहसा कोणी दिसत नाही. अमेरिकेतल्या सॉकेटच्या फोटोत दोन उभ्या फटी वर आणि गोल भोक खाली असतं, ते बघितलं की वाटतं कुणीतरी दचकलंय.

आणि म्हातारीच का नाही दिसली, म्हाताराच का, असं विचारलं नाहीत पण सांगते. २०२२ साली आलेल्या अभ्यासात असल्या वस्तूंमधले चेहरे लोकांनी बाईपेक्षा पुरुषाचे म्हणूनच जास्त ओळखले. खास बाईची खूण नसली की मेंदू पुरुष धरून चालतो. यावर मी जास्त बोलत नाही, वॉर्डात रोज अनुभव आहे, ॲप्रन घालून समोर उभी असले तरी पेशंट विचारतो डॉक्टर कधी येणार.

बुद्धिवादी_बीड

एवढं शास्त्र सांगायची गरजच काय. आईला स्पष्ट सांगा की ही ओल आहे, बुरशी आहे, उदबत्ती बंद कर. १९९५ ला २१ सप्टेंबरला अख्खा देश गणपतीला दूध पाजायला रांगेत उभा होता, शेवटी काय निघालं तर पृष्ठताण, चमच्यातलं दूध दगडाला टेकलं की ओढलं जातं आणि अंगावरून खाली ओघळतं. तीस वर्षं झाली आपण आहोत तिथंच आहोत. आज उदबत्ती लावायलेत, उद्या गल्ली नारळ घेऊन येईल, परवा दानपेटी.

अंबाजोगाईची_डॉक्टरीण

बुद्धिवादी दादा, बजाजनगरच्या भाड्याच्या खोलीत दानपेटी कोण ठेवतंय. त्या बाईकडं वडलांचा एक फोटो नाही. जरा दमानं घ्या.

फर्दापूरचा_बापू

लेकरा, तुझा फोटो चष्मा लावून बघितला. मी अजिंठ्याला बरीच वर्षं गाईड होतो, आता गुडघे गेले म्हणून घरी आहे. सांगायचं एवढंच की उजेड कुठून पडतो त्यावर सगळं असतं. तू फोटो काढलास तेव्हा ट्यूबलाईट उजव्या हाताला आणि वर आहे, म्हणून पोपड्याची सावली डावीकडं खाली पडून नाक झालंय. दुपारी खिडकीच्या उजेडात काढ, नाक राहणार नाही, पैज.

एक नंबरच्या लेणीत गाभाऱ्यात बुद्धाची मोठी मूर्ती आहे. आम्ही पर्यटकाला तिथं उभं करून बॅटरी एका बाजूनं मारायचो, चेहरा गंभीर. दुसऱ्या बाजूनं मारायचो, गालावर हसू. समोरनं मारली की ध्यानात. मूर्ती तीच, दगड तोच, बाया तर हात जोडायच्या. आमच्या आधीची माणसं बाहेर उन्हात पत्रा नाहीतर आरसा धरून आत उजेड फेकायची, तेव्हा ढग आला की बुद्धाचा मूड बदलायचा असं आमचे म्हातारे सांगायचे. त्याच लेणीत एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलीत आणि चौघांत मिळून डोकं एकच, ज्या हरणाकडं बघावं त्याचंच ते डोकं वाटतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला डोळा कसा फसतो हे पक्कं ठाऊक होतं, आपल्याला आता अभ्यास करून कळायलंय.

आमच्याकडं यायचे ते गोरे लोक मंगळावरच्या चेहऱ्याचं लै विचारायचे, की हे पण तसंच का. २५ जुलै १९७६ ला व्हायकिंग १ या यानानं वरून फोटो काढला, सायडोनिया नावाच्या भागात डोंगरावर माणसाचं तोंड. सूर्य कलता होता, अर्ध्या डोंगराची सावली पडली, आणि फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे चाळीसेक मीटर, मग काय दिसणार. त्यात फोटो पाठवताना काही ठिपके गळाले, तिथं काळे डाग आले आणि त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी बसला. नासानं तेव्हाच सांगितलं होतं की हा सावल्यांचा खेळ आहे, पण ऐकतंय कोण, वीस-पंचवीस वर्षं लोकांनी त्यावर पोट भरलं. १९९८ आणि २००१ ला दुसऱ्या यानानं जवळून फोटो काढले तर साधा सपाट माथ्याचा डोंगर, आपल्या दौलताबादच्या आजूबाजूला आहेत तसलाच.

चंद्राचं पण तेच. आपण त्यात ससा बघितला म्हणून शशांक, कुणी हरीण बघितलं म्हणून मृगांक, आणि गोऱ्यांना तिथं माणसाचं तोंड दिसतं. ते काळे डाग म्हणजे फार जुना लाव्हा आहे, बेसाल्ट. अजिंठा-वेरूळ ज्या काळ्या दगडात कोरलंय तो पण बेसाल्टच. म्हणजे आपण ज्याच्यात बुद्ध काढला त्याच जातीच्या दगडात वर ससा आहे.

आणि भिंतीवरच्या ओलीचं म्हणशील तर लिओनार्दो दा विंची, तो मोनालिसावाला, त्यानं चित्र शिकणाऱ्यांना लिहून ठेवलंय की डाग पडलेल्या भिंती बघत बसा, त्यात डोंगर, नद्या, लढाया आणि माणसांचे चेहरे दिसतील. तुझ्या घरमालकाची भिंत त्याला लै आवडली असती.

जिंतूरचा_कास्तकार

मला तर यात शेळी दिसायली, खरं बोल म्हणलास म्हणून बोललो. पटका म्हणतोस ती शेळीची पाठ.

पण आण्णा नसतील असं मी म्हणणार नाही. आमच्या बांधावर एक काळा गोल धोंडा होता, आपला इकडला खडक कांद्यावानी पापुद्र्या-पापुद्र्यानं सोलत जातो आणि आत असले डोक्यायेवढे, रांजणायेवढे गोल धोंडे राहतात. ल्हानपणी त्या धोंड्यावर बसून मी हुरडा खाल्लाय, वर्षानुवर्षं. मग एका साली म्हातारीला काहीतरी सपान पडलं आणि आमच्या बाबानं त्याला शेंदूर फासून जत्रंतून आणलेले चांदीचे दोन डोळे चिटकवले. झाला म्हसोबा. धोंडा तोच हाय, इंचभर हलला नाही, पण त्या दिवसापासून मी त्याच्यावर बसलो नाही आणि आजपण बैलं हाकताना तिकडं पाठ करून उभं राहायला मन होत नाही. दोन डोळे, बाकी काय न्हाई. नाक न्हाई, तोंड न्हाई. देवीचा तांदळा बगा, दगड आणि शेंदूर, पण डोळे बसले की माय समोर बसलीय. माहूरला गेल्यावर रेणुकामायपुढं मला कुणी पॅरे का काय ते सांगितलं तर मी ऐकून घेईन पण हात जोडल्यावर.

बुजगावण्याचं उलटं हाय. मडक्यावर चुन्यानं डोळे काढतो, पाखरं चार-आठ दिस भितात, मग त्याच मडक्यावर बसून दाणे फोडतात. पाखरं आपल्यापेक्षा लवकर शिकतात म्हणायचं.

आणि नुसतं डोळ्याचंच न्हाई बरं का, कानाचं पण असंच हाय. मिरगाच्या आधी पावशा वरडतो तर आपल्याला ऐकू येतं "पेरते व्हा, पेरते व्हा". माझा पोरगा पुस्तकात वाचून सांगायला की हिंदीवाल्याला तेच "पी कहाँ" ऐकू येतं आणि इंग्रजाला ऐकू आलं "ब्रेन फीवर", म्हणजे मेंदूचा ताप. पाखरू एकच. ज्याच्या डोक्यात पेरणी त्याला पेरणी, ज्याला उन्हानं ताप चढला त्याला ताप. नागाच्या फड्यावर आपण दहाचा आकडा म्हणतो, इंग्रजानं त्याला चष्मा म्हणलं. टिटवी आपल्याला अशुभ, इंग्रजाला ती म्हणे विचारते "हे त्यानं केलं का, केलं का". त्या हिशोबानं तुझ्या मायच्या डोक्यात पित्राच्या दिसात दुसरं कोण यावं?

बुद्धिवादी_बीड

कास्तकार भाऊ, पावशाचं आवडलं. पण एक आहे, महाराष्ट्रात बटाट्यात, वांग्यात, झाडाच्या बुंध्यात, सगळीकडं गणपतीच का निघतो? पेपरात दरवर्षी फोटो. कारण सोपा आहे तो, एक वाकडी रेघ खाली आली की सोंड, बास. मारुती निघायला जास्त मेहनत आहे. अमेरिकेत एका बाईला चीज टोस्टवर मदर मेरी दिसली, तिनं तो अर्धवट खाल्लेला तुकडा दहा वर्षं जपून ठेवला आणि २००४ साली ईबेवर २८,००० डॉलरला विकला. आमच्या घरी ज्वारीच्या भाकरीला रोज फोड येतात, रोज काही ना काही दिसतं, पण कालवणात मोडून मोकळे होतो, नाहीतर आज बंगला असता.

अंबाजोगाईची_डॉक्टरीण

टोस्टवरून आठवलं. त्यावर खरंच अभ्यास झालाय, त्याला २०१४ चं इग नोबेल मिळालं, आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन असलं की ते मिळतं. लोकांना नुसत्या करड्या ठिपक्यांचे फोटो दाखवले, ज्यात काहीच नव्हतं, पण सांगितलं की यातल्या निम्म्यात चेहरा आहे. तर साधारण तीनातल्या एका वेळी लोक म्हणाले हो दिसला. आणि "दिसला" म्हणताना त्यांच्या मेंदूतली ती फ्युजिफॉर्म जागा जागी होत होती. म्हणजे वरून, अपेक्षेकडून हुकूम येतो की शोध, आणि खालचं खातं शोधून देतं. दादा, तुमच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं, पण पितृपंधरवडा आणि सप्टेंबर महिना एवढा हुकूम पुरेसा आहे.

नांदेडची_सून

सगळे हसत हसत बोलतायत म्हणून मध्ये बोलू का नको असं झालं, पण बोलते. आमच्या सासऱ्यांना ७४ व्या वर्षी असंच सुरू झालं. पडद्यावरच्या फुलांत माणसं दिसायची, आधी म्हणायचे "दिसल्यासारखं वाटतंय", आम्ही पण हसायचो. मग म्हणायला लागले पडद्यामागं दोन लेकरं बसलीत त्यांना जेवायला दे. चालताना पाय घासायला लागले, हात कापायला लागला, एक दिवस एकदम चांगले तर दुसऱ्या दिवशी कुठल्या गावात आहोत ते कळंना. एका ठिकाणी आम्हाला वर्षभर नुसत्या झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यानं अजूनच बिघडलं. शेवटी मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा कळलं ल्युई बॉडी डिमेन्शिया. त्यांनी तपासताना काय केलं माहितीये का, फुलांचे, दगडांचे, ढगांचे साधे फोटो दाखवले आणि विचारलं काय काय दिसतं. अशी तपासणीच असते, या आजारात माणसांना त्या फोटोंत खूप जास्त चेहरे दिसतात.

तुमच्या आईला तसं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांना ही ओल आहे हे कळतंय का, एवढं बघा. "ओल आहे पण आण्णासारखी दिसते" असं असेल तर काहीच नाही. आण्णा बोलतात, उठून येतात, असं म्हणायला लागल्या, नाहीतर सोबत विसरणं, पाय अडखळणं असलं काही नवीन असेल तर मग वेळ घालवू नका. आणि डोळे पण दाखवा एकदा. आमच्या शेजारच्या आजींना मोतीबिंदूनं नजर खूप कमी झाली तेव्हा नसलेली माणसं दिसायची, डोकं एकदम ठणठणीत, त्यालाही नाव आहे, चार्ल्स बॉने सिंड्रोम. त्या बिचाऱ्या लोक वेडी म्हणतील म्हणून दोन वर्षं कुणाला बोलल्या नव्हत्या.

वाळूजचा_लातूरकर

सगळ्यांचे आभार, शिफ्टमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं. नांदेडच्या ताई, तुमचं वाचून जरा टरकलो म्हणून आईला सरळ विचारलं, आई हे काय आहे. तर म्हणली, "ओल हाय, डोळे फुटले का माझे? ओलच हाय. पण आण्णावानी हाय." म्हणजे ठीक आहे. डोळ्यांचं बघतो, चष्मा तसा जुना झालाय.

बापू, तुम्ही पैज जिंकलात. दुपारी खिडकी उघडून बघितलं, नाक गायब, नुसता पोपडा. आईला दाखवलं तर म्हणली दुपारी आण्णा झोपायचेच.

डॉक्टर ताई, उलटा करून पण बघितला. उलटा केला की काहीच नाही, नकाशासारखं काहीतरी. आणि अजून एक, मोबाईलच्या गॅलरीत चेहरे वेगवेगळे लावतात ना, त्यात माझा फोटो, आईचा फोटो आणि मध्येच गोल करून हा, खाली विचारलंय "हे कोण आहे?" मी आईला दाखवायची चूक केली. आता आई म्हणती बघ, मशीनला पण कळलं.

पण खरा किस्सा पुढं आहे. फोटो मामाला पाठवला. मामाचा पाच मिनिटात फोन, "हे कोण? आण्णाला मिशा कुठं होत्या?" आई म्हणली तू सात वर्षाचा होतास तुला काय आठवतंय. मामा म्हणला मी त्यांच्या मांडीवर बसून जेवायचो, गालाला टोचायचं पण मिशा नव्हत्या. आई म्हणली टोचायच्या त्या मिशाच. अर्धा तास चाललं. दोघं भांडले आणि मग दोघंही रडले, मी डबा घेऊन कंपनीत पळालो. बत्तीस वर्षांत ह्या दोघांना आण्णांविषयी इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची चिलीम होती, एक बैल मारका होता त्याचं नाव सर्जा, आईला शाळेत घालायला पायी गेले होते, हे सगळं मला त्या भांडणात कळलं.

कोडवाला_परभणी

मशीनला "कळलं" नाही हो भाऊ. चेहरा शोधायची जी जुनी गाजलेली पद्धत आहे, व्हायोला आणि जोन्स या दोघांनी २००१ साली काढलेली, ती फोटोवर काळ्या-पांढऱ्या चौकोनी पट्ट्या सरकवत बघते की डोळ्यांची पट्टी गालापेक्षा गडद आहे का, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ आहे का. असल्या सोप्या चाळण्या एकामागं एक लावायच्या, सगळ्यांतून पास झालं की चेहरा. हल्लीचे मोबाईल यापेक्षा खूप पुढचं वापरतात, लाखो चेहरे दाखवून शिकवलेलं, पण चूक तीच करतात जी आपण करतो. २०१५ ला गूगलच्या लोकांनी असल्या शिकवलेल्या यंत्राला म्हणलं, ढगात तुला जे थोडंसं दिसतंय ते वाढवून दाखव, तर त्यानं ढगात कुत्री आणि डोळेच डोळे काढून ठेवले, कारण शिकताना कुत्र्यांचे फोटो भरपूर बघितले होते. पावशासारखंच झालं ना हे. तुमच्या आईला एवढं सांगू नका पण.

जिंतूरचा_कास्तकार

सर्जा नाव आमच्याबी बैलाचं होतं. भिंतीचं काय ठरलं?

वाळूजचा_लातूरकर

झालं आज. सर्वपित्री अमावस्येपर्यंत थांबायला घरमालक कबूल झाला, त्याला खरं कारण सांगितलं तर तो पण येऊन बघून गेला, काही बोलला नाही, चप्पल मात्र बाहेर काढून आत आला होता. वरचं वॉटरप्रूफिंग आधीच झालं. आज सकाळी पेंटर पत्रा आणि पॉलिश पेपर घेऊन आला, भिंतीपुढं उभा राहिला आणि म्हणला, "इथं कुत्रं बसल्यावानी दिसायलंय बघा." आईनं त्याला चहा दिला नाही. मीच करून दिला.

खरवडताना आई किचनमध्ये जाऊन बसली. मला वाटलं होतं मला काही वाटणार नाही, पण पत्रा पटक्यापासून खाली आला तेव्हा मी पण मोबाईल काढून उगं मेसेज बघितल्यासारखं केलं. पाच मिनिटांचं काम. खाली पोपड्यांचा ढीग झाला त्यात कुणीच नव्हतं. आत प्लास्टर अजून ओलं आहे, आठ दिवस वाळू देऊन मग पुट्टी मारणार.

कालच आम्ही दोघं चौकातल्या फोटो स्टुडिओत गेलो होतो. आईला तो फोटो मोठा करून फ्रेम करायचाय, रात्रीच्या ट्यूबलाईटमधला, नाक असलेला. पोरगं नवीन होतं, कॉम्प्युटरवर फोटो घेतला, उजेड वाढवला, चौकोनी कापला, प्रिंट काढली, हातात धरून इकडून तिकडून फिरवली आणि विचारलं, "मावशी, ह्याची वरची बाजू कोणती?"

आईनं प्रिंट त्याच्या हातातून घेऊन सरळ करून दिली. "पटका दिसंना का तुला?"

दोन कॉप्या काढल्यात. एक मामानं मागितलीय.